बीथोव्हेनचा डावा कान

११ मे १८०९ची रात्र. नेपोलियनचे सैन्य व्हिएन्नाच्या तटाशी येऊन ठेपले होते आणि नऊच्या सुमारास तोफांचा मारा सुरू झाला. सरदार-उमराव आधीच शहर सोडून गेले होते. मागे राहिलेली माणसे मिळेल त्या तळघरात शिरली. अशाच एका तळघरात, धाकटा भाऊ कास्पार कार्ल याच्या आश्रयाला, ३८ वर्षांचा एक संगीतकार डोक्याभोवती उशा दाबून बसला होता. तोफांचा आवाज कानांत शिरू नये, एवढीच त्याची धडपड होती. सहा सिंफनी, एक ऑपेरा आणि पियानोचे चार कॉन्चेर्तो तोवर त्याच्या नावावर जमा झाले होते. लुडविग फान बीथोव्हेन हे नाव युरोपभर दुमदुमत होते, आणि ते नाव धारण करणाऱ्याचे कान दहा-अकरा वर्षांपासून त्याला दगा देत होते.

ज्याला धड ऐकू येत नाही त्याने तोफांपासून कान झाकून घ्यावेत, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. पण आतून दुखावलेल्या कानाची रीतच तशी असते. त्याला हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज सोसवत नाही. बहिरा बीथोव्हेन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नियतीने एका फटक्यात निःशब्द केलेला एक प्रतिभावंत उभा राहतो. पाठ्यपुस्तकांनी आणि चित्रपटांनी रूढ केलेले हे चित्र सोयीचे असले तरी खरे नाही. बीथोव्हेनचे बहिरेपण पाव शतकाहून अधिक काळ कणाकणाने वाढत गेले. त्या साऱ्या काळात तो एकीकडे संगीत रचत होता आणि दुसरीकडे उरलेसुरले ऐकू येणे जपत होता. त्या जपणुकीची कथा त्याच्या चरित्रांत सहसा तळटीपेएवढी जागा घेते.

बीथोव्हेनचा जन्म ऱ्हाइन नदीकाठच्या बॉन शहरातला. १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. आजोबा बॉनच्या दरबारात संगीतप्रमुख होते, वडील योहान त्याच दरबारात गायक. शेजारच्या देशात मोझार्ट नावाच्या बालकलावंताने केवढे नाव आणि द्रव्य मिळवले, हे योहानच्या मनातून जात नसावे. त्याने मुलाला फार लहानपणी वाद्यासमोर उभे केले. पट्ट्यांपर्यंत हात पोचावेत म्हणून मुलगा पायाखाली बाकडे घेऊन उभा राही आणि पुष्कळदा रडत रडत वाजवी. रात्री मित्रमंडळींबरोबर उशिरा घरी आलेला बाप झोपलेल्या पोराला उठवून सरावाला बसवी, असेही शेजाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. २६ मार्च १७७८ रोजी कोलोन शहरात मुलाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. त्याच्या जाहिरातीत बापाने सात वर्षांच्या मुलाचे वय सहा सांगितले.

खरा गुरू भेटला तो क्रिस्टियान गोट्लोब नेफे. त्याच्या हाताखाली मुलगा बाखचे संगीत शिकला आणि तेराव्या वर्षी दरबारात पगारी साहाय्यक ऑर्गनवादक झाला. पुढे तो बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवू लागला. व्हायोलावादकाची जागा वाद्यवृंदाच्या मधोमध असते, मागून येणारे सारे आवाज अंगावर घेणारी. ही गोष्ट पुढे आठवावी लागणार आहे. १७८७मध्ये आई क्षयाने गेली, बाप दारूच्या आहारी गेला आणि दोन धाकट्या भावांचा भार सोळा वर्षांच्या मुलावर आला. नोव्हेंबर १७९२मध्ये तो व्हिएन्नाला निघाला. पोचल्यावर काही आठवड्यांतच वडील वारल्याची बातमी आली. तो बॉनला पुन्हा कधी परतला नाही.

व्हिएन्नात त्याने हायडनकडे धडे घेतले, पण शहर जिंकले ते पियानोवर. उमरावांच्या दिवाणखान्यांत पियानोवादकांचे सामने होत आणि त्यांत या ठेंगण्या, चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेल्या, राकट तरुणापुढे कोणी टिकत नसे. त्या काळचे पियानो सबंध लाकडी सांगाड्याचे, नाजूक तारांचे असत. त्याच्या हाताखाली तारा तुटत. २९ मार्च १७९५ रोजी बुर्गथिएटरमध्ये त्याचा व्हिएन्नातला पहिला जाहीर कार्यक्रम झाला. प्रकाशक रांगेत उभे राहू लागले, राजघराण्यातले आश्रयदाते लाभले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी एखाद्या वादकाला जे जे हवे असते ते सारे त्याच्यापाशी होते. नेमक्या याच सुमारास कानांत आवाज होऊ लागले.

त्याने ही गोष्ट जवळजवळ तीन वर्षे कोणालाही सांगितली नाही. जून १८०१च्या अखेरीस त्याने बॉनमधल्या फ्रांझ व्हेगेलर या डॉक्टर मित्राला पत्र लिहिले आणि दोनच दिवसांनी कार्ल आमेंडा या दुसऱ्या मित्राला. दोघांनाही गुप्ततेची गळ घातली. कारण उघड होते. दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात हे दुखणे एक वेळ निभावले असते. वादकाच्या बाबतीत ते बाहेर फुटले असते तर प्रतिस्पर्ध्यांच्या हाती कोलीत मिळाले असते. लोकांना आपण बहिरे आहोत असे सांगता येत नाही म्हणून जवळजवळ दोन वर्षे तो समारंभ टाळत होता. त्याच्या अबोलपणाला शहर विक्षिप्तपणा समजले आणि त्यानेही तो समज तसाच राहू दिला.

व्हेगेलरला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली लक्षणे फार बारकाईने मांडली आहेत. कानांत रात्रंदिवस घुमणे आणि शीळ चालू असते. नाट्यगृहात नट काय बोलतो हे कळायला वाद्यवृंदाच्या अगदी जवळ, कठड्याशी रेलून बसावे लागते. थोडे दूर गेले की वाद्यांचे आणि गळ्याचे वरच्या पट्टीतले स्वर ऐकूच येत नाहीत. कोणी हळू बोलले तर आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. आणि कोणी ओरडून बोलू लागले की ते सोसवत नाही.

बीथोव्हेनचे बहिरेपण मोठ्या आवाजामुळे आलेले नव्हते, हे इथेच सांगितलेले बरे. निदान तसा कोणताही पुरावा नाही. पण ही चार लक्षणे आजच्या कोणत्याही कानाच्या डॉक्टरपुढे ठेवली, तर तो पहिला प्रश्न रोग्याच्या व्यवसायाविषयी विचारील. मोठ्या आवाजाने दुखावलेला तरुण वादक नेमक्या याच तक्रारी घेऊन येतो. कानाच्या आतल्या शंखाकृती पोकळीत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. ध्वनीच्या लाटेचे संदेशात रूपांतर करून ते मेंदूकडे पाठवण्याचे काम त्यांचे. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी या पोकळीच्या दाराशीच असतात आणि बहुधा त्याच आधी निकामी होतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास, ही कामाच्या ठिकाणची सर्वमान्य मर्यादा. त्यावर दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. बीथोव्हेनच्याच जर्मनीत आरोग्यविमा कंपन्यांकडची लाखो लोकांची माहिती तपासून २०१४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात व्यावसायिक वादकांना आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा धोका इतरांच्या साडेतीन पटींहून जास्त आढळला. कानांत सतत नाद घुमण्याचा धोकाही दीडपटीहून अधिक निघाला.

व्हिएन्नातल्या डॉक्टरांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी आपल्या परीने उपाय केले. फ्रांक नावाच्या डॉक्टरने कानांत बदामाचे तेल घातले. कोणी थंड पाण्याची स्नाने सांगितली, त्याने पोटाचे जुने दुखणे बळावले. फेरिंगने डॅन्यूबच्या कोमट पाण्यात बसवले, मग दोन्ही दंडांवर कसल्याशा झाडाची दाहक साल बांधून फोड आणवले. फोड येऊन बरे होईपर्यंत बिचाऱ्याला पियानो वाजवता येईना. विजेच्या प्रवाहाने बहिरेपण जाते अशी त्या वेळी वदंता होती, तिचीही त्याने चौकशी केली. याच काळात दहा वर्षांचा कार्ल चेर्नी वडिलांचा हात धरून त्याच्याकडे शिकायला आला. पोराच्या तीक्ष्ण नजरेने दोन्ही कानांतले कापसाचे बोळे टिपले. कुठल्याशा पिवळ्या औषधात ते भिजवलेले असावेत. गुरुजींना ऐकू कमी येते असे मात्र त्याला त्या दिवशी मुळीच जाणवले नाही. पुढे पियानोच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या ज्याच्या अभ्यासपाठांवर पोसल्या तो हाच चेर्नी.

या साऱ्या वैद्यांमध्ये एकच माणूस असा भेटला, की ज्याचा सल्ला दोनशे वर्षांनंतरही चुकीचा ठरलेला नाही. योहान आडाम श्मिट हा लष्करी वैद्यकीय अकादमीतला प्राध्यापक. त्याचा विशेष अभ्यास होता डोळ्यांचा. त्याने बीथोव्हेनला सांगितले, की कानांना होईल तेवढी विश्रांती दे, शहर सोड. १८०२च्या उन्हाळ्यात बीथोव्हेन हायलिगेनश्टाट या तेव्हाच्या खेड्यात राहायला गेला तो या सल्ल्यामुळे. द्राक्षमळे, झरे आणि शांतता. रथांचा खडखडाट नाही, दिवाणखाने नाहीत. बीथोव्हेनने आपल्या गाजलेल्या सप्तवाद्यरचनेचे पियानो, क्लॅरिनेट आणि चेलो यांच्यासाठी केलेले रूपांतर नंतर या डॉक्टरला अर्पण केले. डॉक्टर स्वतः व्हायोलिन वाजवीत आणि त्यांची मुलगी पियानो, म्हणून क्लॅरिनेटच्या जागी व्हायोलिनही चालेल अशी सोय त्यात ठेवली होती. फी यापेक्षा सुरेख रीतीने क्वचितच कोणी चुकती केली असेल.

विश्रांतीने कान सुधारले नाहीत. त्या उन्हाळ्यात फेर्डिनांड रीस हा कोवळ्या वयाचा शिष्य गुरूबरोबर रानात फिरायला गेला होता. दुरून एक गुराखी झाडाच्या फांदीची बासरी वाजवत होता. रीसने सहज तिकडे लक्ष वेधले. बीथोव्हेनने कान दिला. अर्धा तास गेला, त्याला काहीच ऐकू आले नाही. आता मलाही ऐकू येत नाही, असे रीस वारंवार सांगत राहिला. ते खोटे होते आणि गुरूलाही ते कळले असावे, कारण तो अगदी गप्प आणि खिन्न झाला. ऑक्टोबरमध्ये त्याने दोन्ही भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले, त्यात अशा प्रसंगांचा सल आहे. आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याची कबुली आहे, आणि जे आत साठले आहे ते बाहेर काढल्यावाचून जग सोडणे अशक्य वाटले म्हणून थांबलो, असे कारणही आहे. कान जपण्याचा डॉक्टरांचा सल्ला त्यात नोंदलेला आहे. हे पत्र त्याने कधीच टपालात टाकले नाही. पंचवीस वर्षे ते त्याच्या कागदांत पडून होते. त्याच हायलिगेनश्टाटमध्ये या उन्हाळ्यात दुसऱ्या सिंफनीवर काम चालले होते आणि ती सिंफनी ऐकताना या पत्राची छाया कुठे शोधूनही सापडत नाही.

त्यानंतरची सहा वर्षे म्हणजे निर्मितीचा महापूर. ‘एरोइका’ १८०५मध्ये लोकांपुढे आली, त्याच वर्षाच्या अखेरीस ‘फिडेलिओ’. २२ डिसेंबर १८०८ रोजी थंडीने गोठलेल्या नाट्यगृहात चार तासांच्या एकाच कार्यक्रमात पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी आणि चौथा पियानो कॉन्चेर्तो प्रथमच जाहीरपणे वाजले. कॉन्चेर्तोत पियानोवर तो स्वतः होता. वाद्यवृंदासमोर स्वतःचा नवा कॉन्चेर्तो वाजवण्याची ही त्याची शेवटची वेळ. पाचवा कॉन्चेर्तो त्याने १८०९च्या युद्धवर्षात लिहिला, पण तो प्रथम वाजवला लाइपझिगमध्ये दुसऱ्याच वादकाने आणि व्हिएन्नात चेर्नीने. कापसाचे बोळे पाहणारा मुलगा आता वीस वर्षांचा झाला होता.

तळघरातल्या त्या रात्री बीथोव्हेन काय वाचवू पाहत होता, हे या हिशेबावरून ध्यानात यावे. वादनाचा व्यवसाय हातचा सुटत चालला होता. उशांच्या आत जे शिल्लक होते त्यावर उरलेले आयुष्य काढायचे होते. शहर दुसऱ्याच दिवशी शरण गेले. वृद्ध हायडनच्या घराजवळही याच दिवसांत तोफेचा गोळा पडला होता. ३१ मे रोजी तो गेला.

मात्र बीथोव्हेनला या बाबतीत सुसंगत म्हणता येणार नाही. तोफांपासून कान झाकणाऱ्या याच माणसाने चार वर्षांनी स्वतः तोफा वाजवल्या. वेलिंग्टनने स्पेनमध्ये फ्रेंचांचा पराभव केला, तेव्हा योहान मेल्झेल या यंत्रकाराच्या प्रेरणेने त्याने ‘वेलिंग्टनचा विजय’ ही रणसंगीताची रचना केली. ८ डिसेंबर १८१३ रोजी जखमी सैनिकांच्या मदतीसाठी ती व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात सादर झाली. तोफांसाठी प्रचंड ढोल, बंदुकांसाठी लाकडी खुळखुळी यंत्रे, दोन बाजूंना दोन सैन्ये. शहरातले नामवंत संगीतकार हौसेने वादकांत बसले होते. तोफखान्याची सूत्रे सालिएरीकडे होती, हुमेल आणि बावीस वर्षांचा मायरबेअर ढोलांवर होते. श्रोते बेहद्द खूश झाले. हयातीत बीथोव्हेनला इतका पैसा आणि टाळ्या क्वचितच मिळाल्या. त्याच रात्री सातवी सिंफनीही प्रथम वाजली आणि ती त्या गदारोळातून टिकली, हे आपले भाग्य. रणसंगीताची ती रचना आज कोणी आवर्जून ऐकत नाही.

वाद्यवृंदात बसणे हेही कानांच्या दृष्टीने रणांगणच असू शकते, हे कायद्याने मान्य व्हायला आणखी दोन शतके लागली. युरोपीय संघाचा आवाजाविषयीचा २००३चा नियम संगीत क्षेत्राला लागू झाला तो २००८मध्ये. २०१२ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये वाग्नरच्या ऑपेराची तालीम चालू असताना एका व्हायोलावादकाच्या थेट पाठीमागे पितळी वाद्यांचा ताफा बसवला होता. आवाजाची कमाल पातळी १३० डेसिबलच्या पलीकडे गेली, कान कायमचे दुखावले, आणि त्याला संगीत सोडावे लागले. संगीत हे संस्थेचे उत्पादन आहे, ते काही कारखान्यातल्या गोंगाटासारखे उपउत्पादन नव्हे, असा बचाव संस्थेने केला होता. २०१८मध्ये न्यायालयाने वादकाच्या बाजूने निकाल दिला आणि पुढल्या वर्षी वरच्या न्यायालयानेही तो कायम ठेवला. तरुण वादकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की आता सगळ्या स्वरांना सारखेच मंद करणारी खास कर्णरोधके मिळतात. साध्या बोळ्यांनी वरचे स्वर जास्त दबतात आणि वाद्याचा रंगच बदलतो, म्हणून वादक ते काढून ठेवतात. कापसाने तर आवाज अडतच नाही म्हटले तरी चालेल.

मेल्झेलने बीथोव्हेनसाठी पत्र्याचे कर्णे बनवले. लहानमोठ्या आकारांचे हे कर्णे बॉनमध्ये त्याच्या जन्मघरी जपून ठेवलेले आहेत. काच लावलेल्या कपाटात ते स्वयंपाकघरातल्या पळ्या-डावांसारखे दिसतात. पण नंतरच्या वर्षांत ऐकण्याची परिस्थिती झपाट्याने ढासळली. १८१४च्या वसंतात व्हायोलिनवादक लुई स्पोर एका त्रयीच्या तालमीला हजर होता. त्याने वर्णन केले आहे, की पियानो बेसूर होता आणि वाजवणाऱ्याला त्याची दाद नव्हती. जोराच्या जागी तो पट्ट्यांवर इतका तुटून पडे की तारा खणखणत आणि हळुवार जागी स्वर उमटतच नसत. मोठा आवाज आणि हळू आवाज यांच्यामधले अंतर हाताला कळते ते कानामार्फत. तो दुवाच निखळला होता. पुढे लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने त्याला एक दणकट पियानो भेट पाठवला. १८१८मध्ये तो व्हिएन्नात पोचला. काही वर्षांनी भेटीला आलेल्या एका पाहुण्याने त्याच्या तुटलेल्या तारांचे जाळे पाहिले.

१८१८पासूनच संवादवह्या सुरू होतात. भेटायला आलेला माणूस आपले बोलणे वहीत लिही आणि बीथोव्हेन तोंडी उत्तर देई. त्यामुळे शंभराहून अधिक वह्या उरल्या असल्या तरी त्यांत बहुतांशी इतरांचेच बोलणे आहे. त्याचे उत्तर काय होते, हे तर्कानेच जाणायचे. काही मोजक्या पानांवर मात्र त्याचेच अक्षर आहे. एप्रिल १८२३मधले असे एक पान आहे. कॉफीगृहात त्याला एक अनोळखी माणूस भेटला, त्यालाही ऐकू येईनासे झाले होते. चारचौघांत कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून असेल, बीथोव्हेनने आपले म्हणणे लिहून दिले. स्नाने आणि खेड्यातली हवा यांनी फायदा होतो, असे त्याने सांगितले. कानाला लावायची यंत्रे फार लवकर वापरू नका, असे बजावले. ती वापरण्याचे टाळल्यामुळेच आपला डावा कान बऱ्यापैकी शाबूत राहिला, असा दाखलाही दिला.

संवादवह्यांचा इंग्रजी अनुवाद करणारे अभ्यासक थिओडोर आल्ब्रेख्ट यांनी अशा नोंदींवर बोट ठेवून असे प्रतिपादन केले, की बीथोव्हेन पूर्ण बहिरा झाला ही समजूत तपासून घ्यायला हवी, डाव्या कानाने त्याला अखेरच्या वर्षांतही थोडेफार ऐकू येत असावे. यावर एकमत नाही. कर्णे टाळल्याने कान वाचतो का, हा वेगळा प्रश्न. कर्णा आवाजाचा सारा झोत कानात ओततो आणि मोठ्या आवाजाने आपल्याला वेदना होतात, एवढे त्याला अनुभवाने माहीत होते. वीस वर्षांपूर्वी दिलेली श्मिटची शिकवण तो आता कॉफीगृहातल्या परक्या माणसाला देत होता, आणि ज्या आजाराची त्याला जन्मभर लाज वाटली त्याविषयी एका परक्यापाशी स्वतःहून बोलत होता.

पुढच्याच वर्षी, ७ मे १८२४ रोजी, नववी सिंफनी प्रथम सादर झाली. संचालक म्हणून बीथोव्हेन व्यासपीठावर उभा होता, पण वादकांना सूचना दिलेली होती की त्यांनी नजर ठेवायची ती मिखाएल उमलाउफवर. गायिकांपैकी हेन्रिएटे झोन्टाग अठरा वर्षांची, कारोलिना उंगर वीस. वरच्या पट्टीतले लांबच लांब स्वर गळ्याला झेपत नाहीत, थोडे खाली आणा, अशी त्यांनी विनवणी केली होती म्हणतात. त्याने एक स्वर बदलला नाही. जे स्वर त्याला नाट्यगृहात सर्वांत आधी ऐकू येईनासे झाले होते तेच हे. त्याच्या चतुष्कांमधल्या पहिल्या व्हायोलिनचे स्वर मोजून काही संशोधकांनी २०११मध्ये दाखवले, की कान बिघडत गेले तसे वरच्या पट्टीचे स्वर कमी होत गेले, आणि अखेरच्या चतुष्कांत, बाहेरून ऐकण्याची आशा जवळजवळ सुटल्यावर, ते परतले. शैली बदलण्याला इतरही कारणे असतात, तेव्हा हा निष्कर्ष जपूनच घ्यावा. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा बीथोव्हेन श्रोत्यांकडे पाठ करून उभा होता. उंगरने त्याला बाहीला धरून वळवले आणि हवेत हलणारे हात व रुमाल त्याच्या नजरेला पडले. हे मधल्या भागानंतर घडले की शेवटी, याविषयी सांगणाऱ्यांत मतभेद आहेत.

तीन वर्षांनी, २६ मार्च १८२७ रोजी, बाहेर विजा चमकत असताना तो गेला. कोलोनमधल्या त्या पहिल्या कार्यक्रमाला त्या दिवशी बरोबर ४९ वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी डॉ. योहान्नेस वाग्नर याने शवविच्छेदन केले. यकृत आक्रसून कठीण झाले होते. श्रवणाच्या मज्जातंतू सुरकुतलेल्या आढळल्या. अधिक तपासणीसाठी कानांच्या भोवतालची हाडे कवटीतून कापून वेगळी काढण्यात आली. २०२३मध्ये त्याच्या केसांच्या बटांवरून जनुकीय आराखडा तयार झाला. यकृताच्या आजाराची आनुवंशिक प्रवृत्ती आणि कावीळ-ब विषाणूचा संसर्ग त्यात सापडला, बहिरेपणाचे कारण सापडले नाही. ज्या एका बटेवरून पूर्वी शिशाच्या विषबाधेचा निष्कर्ष काढला होता, ती बट एका स्त्रीची निघाली. पण २०२४मध्ये दोन अस्सल बटांतही शिसे सापडले, नेहमीच्या प्रमाणाच्या साठ पटींहून अधिक. त्याने मृत्यू ओढवला नसावा, श्रवणावर परिणाम झाला असणे शक्य आहे, एवढेच संशोधक म्हणू शकले.

नक्की उत्तर मिळाले असते ते कानांच्या हाडांतून. १८६३ साली थडगे उघडून अवशेष पाहण्यात आले तेव्हा ती हाडे तिथे नव्हती. ती कुठे गेली याचा पत्ता पुढेही लागला नाही.